वेगळेपणाची खूण



आजच्या प्रवचनाचा विषय ऐकताच काहींच्या कपाळाला आठी पडेल. एखादी वस्तू 'एक' कशामुळे ठरते आणि ती दुसरीहून 'वेगळी' कशामुळे ठरते, हा तो विषय. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत त्यावर पानेच्या पाने खर्ची पडली आहेत. दिवसभर कारखान्यात नाही तर शेतात राबून आलेल्या माणसाला या उठाठेवीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. पण आपल्या पणज्याला पाणवठ्यापासून दूर उभे करताना जे शास्त्र पुढे केले जात होते, त्याच्या बुडाशी हाच प्रश्न होता आणि त्याचे एक ठरावीक उत्तर होते. ते उत्तर चुकीचे का, हे ज्याला सांगता येत नाही त्याला जातीविरुद्ध नुसते रागावता येते. म्हणून थोड्या धीराने ऐका.

ग्रंथ बाजूला ठेवू आणि आधी घरात पाहू. घरात एक विळा आहे. मूठ सैल झाली म्हणून सुताराकडून नवी बसवून घेतली. काही वर्षांनी पाते झिजले, लोहाराने नवे दिले. आता हा विळा तोच की दुसरा? सासूबाई म्हणतील तोच, माझ्या लग्नापासून घरात आहे. लोहार म्हणेल दुसरा, कारण त्याने नव्या पात्याचे पैसे घेतले आहेत. दोघेही खोटे बोलत नाहीत. किंवा गोधडी घ्या. टाके पडण्यापूर्वी ती पाच जुनी लुगडी आणि दोन धोतरे होती, म्हणजे सात नग. टाके पडले आणि नग एक झाला. त्या टाक्यांबरोबर दोऱ्याखेरीज कोणती नवी वस्तू आली? काहीच नाही. मग हा 'एक'पणा कोठून आला? विदर्भातले लोक येथे बसले आहेत, त्यांना वैनगंगा आणि वर्धा ठाऊक आहेत. दोन्ही मिळाल्या की पुढच्या पाण्याला प्राणहिता म्हणतात. संगमाच्या खाली उभे राहून ओंजळभर पाणी उचलले तर त्यात वैनगंगा किती आणि वर्धा किती, हे कोणाला सांगता येईल? पाण्याचा थेंबही नाहीसा झालेला नाही. दोन नावे संपली आणि एक नाव सुरू झाले.

या कोड्याला आपल्या देशात दोन तऱ्हेची उत्तरे दिली गेली. पहिले उत्तर वैशेषिकांचे. कणाद हा त्या दर्शनाचा प्रणेता मानला जातो, आणि प्रशस्तपादाने ते पुढे नीट रचून दाखविले. जगात जे काही आहे त्याची त्यांनी सहा पदार्थांत वाटणी केली : द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय. विळा आणि कोयता वेगळे, कारण त्यांचे अवयव वेगळे. ते अवयवही वेगळे, कारण त्यांचे अवयव वेगळे. असे खाली खाली जाता शेवटी परमाणू लागतो. त्याला अवयव नाहीत. मातीचे दोन परमाणू सर्व बाबतींत अगदी सारखे. मग ते दोन कसे, एकच का नव्हे? वैशेषिक म्हणतात, प्रत्येक परमाणूत त्याचा स्वतःचा असा एकेक 'विशेष' राहतो. तो नित्य आहे. तोच त्या परमाणूला बाकी सर्वांपासून निराळा ठेवतो. आत्म्यांचेही तसेच. मुक्त झालेल्या दोन आत्म्यांत सुख नाही, दुःख नाही, इच्छा नाही, आठवण नाही. तरीही ते दोन, कारण प्रत्येकात त्याचा त्याचा विशेष. या विशेषावरूनच त्या दर्शनाला वैशेषिक हे नाव पडले असे परंपरा सांगते.

उत्तर कल्पक आहे हे मान्य केले पाहिजे. प्रतिपक्षाला बुद्धीच नव्हती असे म्हणणे बौद्धाला शोभत नाही. पण पुढचा प्रश्न विचारल्यावाचूनही राहवत नाही. या परमाणूचा विशेष त्या परमाणूच्या विशेषाहून वेगळा कशाने? वैशेषिक उत्तर देतात, विशेष आपल्या आपण वेगळे असतात, त्यांना आणखी कशाची गरज नाही. बरे, विशेष जर आपल्या आपण वेगळा राहू शकतो, तर परमाणू का राहू शकत नाही? मधला हा दलाल कशाला? या दलालाला पुढे घरच्यांनीच निरोप दिला. बंगालचे प्रसिद्ध नैयायिक रघुनाथ शिरोमणी यांनी विशेष हा पदार्थ नाकारला, आणि ते काही बौद्ध नव्हते.

विशेषाचा जोडीदार म्हणजे सामान्य. गाई शंभर, पण सर्वांना आपण गायच म्हणतो. का? तर सर्वांत 'गोत्व' नावाचे एकच नित्य सामान्य राहते, असे हे दर्शन म्हणते. न्यायशास्त्रात या सामान्याला दुसरा शब्द आहे : 'जाती'. येथे कान टवकारा. शब्दाचा अर्थ काय, याची जी चर्चा न्यायसूत्रांत आहे तीत व्यक्ती, आकृती आणि जाती हे तीन शब्द शेजारी शेजारी बसलेले आहेत. आज मराठीत आपण माणसाला 'व्यक्ती' म्हणतो आणि तिच्या कपाळी 'जात' चिकटवतो. हे दोन शब्द फार जुने सोबती आहेत.

गोत्वापर्यंत फारसे बिघडले नव्हते. पण सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्टाने 'तंत्रवार्तिका'त पुढचे पाऊल टाकले. ब्राह्मणत्व हीसुद्धा तशीच खरी जाती आहे, ती माणसाच्या ठायी राहते आणि प्रत्यक्ष कळते, असा त्याचा पक्ष. फक्त एक अट : ती कळण्यापूर्वी त्या माणसाचे आई-बाप कोण हे माहीत असले पाहिजे! पाहा गंमत. गाय ओळखण्यासाठी तिच्या आईची चौकशी कोणी करीत नाही. अनोळखी गावात, अनोळखी गोठ्यात, दोन वर्षांचे पोरसुद्धा बोट दाखवून सांगते ही गाय, ही म्हैस. ज्या जातीला दिसण्यापूर्वी साक्षीदार लागतो ती दिसते असे म्हणण्यात काय अर्थ? त्या साक्षीदाराला तरी ती कशी कळली? त्याला त्याच्या बापाने सांगितले. बापाला कोणी सांगितले? त्याच्या बापाने. मागे कितीही गेलात तरी सांगणाराच भेटतो, पाहणारा भेटत नाही.

आता याच्या हजार वर्षांहून अधिक आधी तथागतांसमोर झालेला एक संवाद आठवा. तो 'सुत्तनिपाता'तही आहे आणि 'मज्झिम निकाया'तही. इच्छानंगल नावाचे गाव. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण ब्राह्मण विद्यार्थी फिरता फिरता वाद करू लागले. भारद्वाज म्हणे, आईकडून आणि बापाकडून सात पिढ्या शुद्ध असला की माणूस ब्राह्मण होतो. वासेट्ठ म्हणे, शील आणि आचरण यांनी होतो. वाद मिटेना, तेव्हा दोघे भगवंतांकडे आले.

भगवंतांनी काय केले ते लक्ष देऊन पाहा, कारण पद्धत तेथे आहे. त्यांनी दया, समता, बंधुत्व यांवर व्याख्यान दिले नाही. त्यांनी खुणा मोजायला घेतल्या. गवत आणि झाडे यांच्याकडे पाहा. ती स्वतः काही सांगत नाहीत, तरी त्यांच्या जाती निरनिराळ्या आहेत, कारण जन्मासोबत आलेली खूण त्यांच्या अंगावर आहे. किडा, पतंग, मुंगी यांचे तसेच. चार पायांची जनावरे, पोटाने सरपटणारे साप, पाण्यातले मासे, पंखांनी उडणारे पक्षी, सर्वांचे तसेच. मग ते माणसाकडे वळतात आणि डोक्याच्या केसापासून पायाच्या नखापर्यंत एकेक अवयव घेत जातात. केस, डोके, कान, डोळे, तोंड, नाक, ओठ, भुवया, मान, खांदे, पोट, पाठ, हात, पाय, बोटे, नखे, रंग, आवाज. कोठेही अशी खूण सापडत नाही की हा जन्माने अमुक जातीचा आणि तो तमुक जातीचा. माणसामाणसांत जो भेद बोलला जातो तो नावाने बोलला जातो, असा निकाल भगवंत देतात. जो गाई राखून जगतो त्याला शेतकरी म्हणावे, जो कारागिरीवर जगतो त्याला कारागीर, जो देवाणघेवाण करतो त्याला व्यापारी. म्हणजे नावसुद्धा कशावरून द्यावे, तर माणूस काय करतो त्यावरून.

आमच्या शेतकरी बांधवांना हे पटवून द्यायला नकोच. हापूस आणि पायरी त्यांना नुसत्या वासावरून, डोळे मिटून ओळखता येतात. ज्वारीची जात कणसावरून कळते. आंब्याला जात आहे, ज्वारीला जात आहे. त्याच शेतकऱ्याला डोळे मिटून माणसाची जात ओळखायला सांगा. डोळे उघडूनही त्याला आडनाव विचारावे लागते.

बौद्ध आचार्यांनी पुढे हीच पद्धत फार धारदार केली. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती यांनी सांगितले की खरी असते ती ही समोरची, या क्षणाची वस्तू, जी काही तरी कार्य करते. विस्तव जाळतो, पाणी तहान भागवते. 'गोत्व' दूध देत नाही, ही समोरची गाय दूध देते. सामान्य हे आपल्या बुद्धीने केलेले काम आहे. जे गाय नाही त्याला बाजूला सारून आपण उरलेल्यांना एका नावाखाली घेतो. या मताला 'अपोह' म्हणतात. आणि याच धर्मकीर्तीने 'प्रमाणवार्तिका'च्या आपल्याच टीकेत जडबुद्धीची पाच लक्षणे मोजली, त्यांत जातीचा गर्व हे एक धरले. तर्कशास्त्राच्या ग्रंथात हे वाक्य काय करते, असे काही पंडितांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. ज्याने सामान्याचा पोकळपणा दाखविला त्याच्या पायवाटेवरच ते वाक्य होते. हा ग्रंथ मूळ संस्कृतात भारतातून नाहीसा झाला होता. राहुल सांकृत्यायन यांनी १९३० च्या दशकात तिबेटच्या मठांतून ज्या पोथ्या शोधून आणल्या त्यांत तो परत मिळाला.

आता मिलिंद राजाकडे येऊ. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव आहे आणि परिसराला नागसेनवन. ही नावे आपण रोज घेतो, पण त्या दोघांत काय बोलणे झाले ते किती जणांना ठाऊक आहे? मिलिंद म्हणजे ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला. त्याची राजधानी सागल, जे आजचे पाकिस्तानातील सियालकोट असावे असे मानतात. राजाने भिक्खूला नाव विचारले. नागसेन म्हणाले, लोक मला नागसेन म्हणतात, पण हे केवळ नाव आहे. त्यामागे वेगळा असा कोणी पुरुष सापडत नाही. राजाने लगेच पकडले : मग तुम्हाला चीवर कोण देतो आणि ते वापरतो कोण? शील कोण पाळतो? तुमचा कोणी खून केला तर खूनच झाला नाही म्हणायचे काय? राजा काही मूर्ख नव्हता. त्याचा प्रश्न आजही कोणी नास्तिकाला विचारावा असाच आहे.

नागसेनांनी उलट विचारले, महाराज, आपण पायी आलात की वाहनाने? रथाने. तर मग रथ मला दाखवा. दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे? चाके? साटा? जू? लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. मग हे सर्व मिळून रथ काय? तेही नाही. याहून वेगळा कोठे रथ आहे काय? नाही. तेव्हा राजाने स्वतःच कबूल केले की हे सर्व असले, एकमेकांच्या आधाराने जुळले, म्हणजे 'रथ' हे नाव चालू होते. नागसेन म्हणाले, माझेही तसेच. आणि त्यांनी मोकळेपणाने सांगितले की हे आपल्या आधी भिक्खुनी वजिरा हिने सांगून ठेवले आहे. 'संयुत्त निकाया'त ते आहे. मार तिला घाबरवायला आला, हा प्राणी कोणी घडविला असे विचारू लागला, तेव्हा तिने हीच रथाची उपमा त्याच्या तोंडावर मारली. रथाचा दृष्टान्त सगळे नागसेनाच्या नावावर सांगतात. तो एका स्त्रीचा आहे हे आपल्या विहारांतून तरी सांगितले जावे.

मग माणूस तोच राहतो की दुसरा होतो? राजाने हेही विचारले. नागसेनांचे उत्तर : तोही नाही आणि दुसराही नाही. दिवा रात्रभर जळतो. पहिल्या प्रहरीची ज्योत शेवटच्या प्रहरी नसते, पण तीन दिवे जळले असेही कोणी म्हणत नाही. दुधाचे दही, दह्याचे लोणी, लोण्याचे तूप. दूध म्हणजे तूप नव्हे, पण दुधावाचून तूप नाही. आणि आंबेचोराची गोष्ट तर फारच मार्मिक आहे. चोर पकडला गेला आणि म्हणू लागला, महाराज, याने लावला तो आंबा निराळा, मी तोडले ते आंबे निराळे. मी याचे काही घेतलेच नाही! हा चोर मोठा तत्त्वज्ञानी दिसतो. वस्तू वेगवेगळ्या आहेत हे त्याचे म्हणणे खरेही आहे. तरी राजा त्याला सोडत नाही, कारण तोडलेला आंबा लावलेल्या आंब्यापासूनच आला. एकपणा सिद्ध करावा लागत नाही. धार तुटलेली नाही एवढे दाखविले की पुरते. वीस वर्षांपूर्वी कर्ज घेतलेल्याच्या अंगातले रक्त-मांस बदलले म्हणून कर्ज फिटत नाही.

पण येथे एक धोका आहे, आणि तो बाबासाहेबांनी ओळखला. नागसेन हे दृष्टान्त पुनर्जन्माच्या संदर्भात देतात. आमच्या लोकांना शेकडो वर्षे जे सांगितले गेले ते काय होते? तू आज या वस्तीत जन्मलास कारण मागच्या जन्मी तू पाप केलेस. 'तू' पाप केलेस! या एका 'तू'वर सगळी इमारत उभी होती. १९५७ साली, महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच बाबासाहेबांनी अडचण मांडली की आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे? आणि आत गेल्यावर त्यांनी प्रश्नाचे दोन तुकडे केले : पुनर्जन्म कशाचा, आणि पुनर्जन्म कोणाचा. कशाचा, याला त्यांनी उत्तर दिले : शरीर ज्या भूतद्रव्यांचे बनते ती नाश पावत नाहीत, ती निसर्गातल्या साठ्यात मिसळतात आणि पुन्हा जुळतात. पण कोणाचा, म्हणजे तोच माणूस पुन्हा जन्मतो काय, याला त्यांनी फार जड अट घातली. त्याच मृत माणसाची तीच द्रव्ये पुन्हा एकत्र आली तरच तसे म्हणता येईल. निरनिराळ्या मृतांची द्रव्ये मिसळून नवे शरीर झाले तर जन्म आहे, पण तोच प्राणी नाही. संगमाखालच्या ओंजळीतून वैनगंगा वेगळी काढण्यासारखे हे आहे. आंबेचोराच्या बाबतीत कोय, रोप, झाड, मोहर, फळ ही धार डोळ्यांनी दिसते. मागच्या जन्मीच्या पाप्यापासून आजच्या उपाशी पोरापर्यंतची धार कोणी पाहिली? जो हिशेब मागतो त्यानेच वही दाखवावी.

आता एक आक्षेप. वर्षावासात एका तरुण उपासकाने तो मला विचारला होता, आणि तो इतका नेमका आहे की टाळता येत नाही. तो म्हणाला, भन्ते सांगतात रथ हे केवळ नाव, माणूस हे केवळ नाव. जात हेही केवळ नाव. मग सगळीच नावे, तर रथ खरा मानून त्यात बसायचे आणि जात खोटी म्हणायची, हा दुजाभाव का? आणि जात जर खोटी, तर तिचा मार इतका खरा कसा?

रथ नावापुरता आहे याचा अर्थ तो नाही असा नव्हे. त्याचे सुटे भाग आहेत, ते एका रीतीने जुळले आहेत आणि जुळल्यामुळे ते काम देतात. नावाला आधार आहे. तेव्हा जातीबद्दलही तेच विचारावे : तुझे सुटे भाग दाखव. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचताना पंचविशीतल्या भीमरावांनी नेमके हे केले होते. त्यांनी जातीची भोवतालची टरफले सोडवीत नेली आणि मध्ये काय उरते ते दाखविले : जातीतच लग्न करणे, सजातीय विवाह. हा तिचा आस. त्याच्याभोवती रोटीबंदी, शिवाशीव, वेगळा पाणवठा, वेगळी वस्ती, वेगळे स्मशान. हे भाग जुळले की जात चालू लागते आणि माणसे चिरडते. म्हणून तिचा मार खरा आहे. रथाखाली सापडलेल्याला रथ केवळ नाव आहे असे सांगून काय उपयोग?

पण हे सारे भाग कोठे आहेत ते पाहा. यातला एक तरी त्या माणसाच्या अंगात आहे काय? रोटीबंदी वाढणाऱ्याच्या हातात आहे, शिवाशीव दूर सरणाऱ्याच्या पायांत आहे, वेगळी वस्ती गावाच्या नकाशात आहे. कुमारिलाची चूक येथे उघडी पडते. जात आहे, पण ती माणसात राहत नाही. ती माणसांच्या मध्ये, त्यांच्या वागणुकीत राहते. माणूस वेगळा ठरतो तो त्याच्या देहाने, त्याच्या अनुभवांच्या धारेने, त्याच्या कृतींनी. जात त्याची खूण नव्हे, ती इतरांनी त्याच्याभोवती मांडलेली रचना आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी जातीला विटांची भिंत न म्हणता मनाची अवस्था म्हटले, त्याचाही रोख हाच आहे.

हे केवळ विहारातले बोलणे नव्हे, न्यायालयातही हा प्रश्न उभा राहिला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर दीक्षा घेऊन जो माणूस घरी परतला तो तोच की दुसरा? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदू असला पाहिजे अशी अट होती. १९५६ मध्ये तीत शीख आले, बौद्ध आले नाहीत. १९६२ साली नागपुरातील राखीव जागेवरून डॉ. डी. पी. मेश्राम विधानसभेवर निवडून आले. ते बौद्ध झाले आहेत म्हणून निवडणुकीला आव्हान दिले गेले. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. धर्म मानणे म्हणजे त्याची उघड घोषणा करणे, ती घोषणा झाली आहे, सबब हा माणूस आता हिंदू नाही आणि राखीव जागेस पात्र नाही, असा निकाल झाला. माणूस बौद्ध कशाने होतो, याचे न्यायालयाने दिलेले उत्तर वासेट्ठाला आवडले असते : जन्माने नव्हे, त्याने काय केले त्यावरून. पण त्याच निकालाने दुसरी विचित्र गोष्ट पदरात टाकली. कायद्याच्या लेखी माणूस बदलला, पण त्याच्या गावाच्या लेखी तसूभर बदलला नाही. कारण जातीचे सुटे भाग त्याच्याकडे नव्हतेच, ते गावाकडे होते. त्याने आपले नाव बदलले, गावाने आपला रथ सोडला नाही. हे कायद्याने ओळखायला १९९० साल उजाडावे लागले. त्या वर्षी संसदेने आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा समावेश केला. महाराष्ट्रात राज्यापुरत्या सवलती त्याआधीपासून होत्या.

येथवर ऐकताना आपल्या माना डोलल्या, कारण बोलणे दुसऱ्यांच्या रथाबद्दल होते. पण आसाबद्दल थोडे राहिले आहे. पाणवठे आपण खुले करून घेतले. रोटीबंदी शहरात तरी ढिली झाली. आडनावेही पुष्कळांनी बदलली. आस मात्र कोणाच्या घरात आहे? आपल्या वधू-वर परिचयाच्या याद्या काढून पाहा. 'बौद्ध' असा शब्द लिहिलेला असतो आणि त्यापुढे पोटजात. दीक्षेला इतकी वर्षे लोटल्यावर ती खूण आपण कोणत्या अवयवावर पाहून लिहिली? पाहण्याचा कार्यक्रम चालू असतो. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर असते, त्रिसरण-पंचशील झालेले असते, मुलगी शिकलेली, मुलगा शिकलेला, पत्रिकेचा तर प्रश्नच नाही. चहाचे कप खाली ठेवले जातात, आणि मग दोन्हीकडचा कोणी तरी वडीलधारा पुढे सरकून, आवाज खाली आणून विचारतो, "बाकी सगळे ठीक आहे हो, पण तुम्ही कोणत्यातले?" उत्तर देणाऱ्याला क्षणभरही आठवावे लागत नाही.